दाबली म्हणून पुंगळी नवी होत नाही

मोहोळकडच्या आमच्या आप्पांकडे पीकरक्षणासाठी परवान्याची .३१५ रायफल आहे. सध्या हातोहात पुढे जाणारा तो मेसेज परवा त्यांच्याही मोबाईलवर आला: 'उडवलेल्या पुंगळ्या टाकू नका. डायमध्ये दाबली की पुंगळी नवी. कितीही वेळा भरा. वंगण लागत नाही. नुसती मान दाबली तरी कुठल्याही रायफलीत चालते. परवाना असला की कायदा आड येत नाही.' (पुंगळी म्हणजे बार उडाल्यावर उरणारं काडतुसाचं पितळी कवच, त्यात पुन्हा दारू-गोळी भरायची. मान म्हणजे तिचं गोळी धरणारं अरुंद तोंड, आणि डाय म्हणजे तिला दाबून परत मापात आणायचा साचा.) आप्पांचा मुलगा लगेच सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवर डाय करून घ्यायला निघाला! म्हणून हे लिहायला बसलो.

'नवी' आणि 'कितीही वेळा' हेच जिवावर बेतणारं आहे. पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. बार उडाला की पुंगळी फुगून चेंबरला, म्हणजे नळीतल्या काडतूस बसायच्या जागेला, चिकटते. डाय तिला परत आवळते, पण आवळलेला धातू कुठंतरी सरकणारच. पुंगळी लांबते, बुडाच्या जरा वर तिची भिंत आतून पातळ होत जाते. मानेचं पितळ कडक होऊन तडकतं. त्यात .३१५ ची पुंगळी काठाची, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असलेली. ती चेंबरमध्ये काठावर अडते, म्हणून डायने खांदा (मानेखालचा उतार) जास्त मागे ढकलला तरी बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बिनतक्रार बंद होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या बाराला पुंगळी तेवढी ताणली जाते. हे होत राहिलं की एक दिवस बूड तुटून वेगळं होतं आणि तापलेला वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. रायफलीतला दाब किती असतो? .३०८ विंचेस्टरला अमेरिकेतल्या 'सामी' या शस्त्र-काडतुसांची मापं ठरवणाऱ्या संस्थेने घातलेली मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे. .३१५ चा दाब त्याहून कमी, पण डोळा जायला तोही पुरतो.

वंगणाचं म्हणाल तर पिस्तुलाच्या सरळ पुंगळीला कार्बाइडची (फार कठीण धातूची) डाय असेल तर ते लागत नाही. रायफलची पुंगळी वंगणाशिवाय डायमध्येच अडकून बसते.

मानेची गोष्ट अर्धी खरी आहे, तेवढं मान्य. नुसती मान दाबली तर पितळाला ताण कमी पडतो. पण ती पुंगळी ज्या रायफलीत उडाली, तिच्याच मापाची झालेली असते. दुसरीत बोल्ट बंद होईलच असं नाही.

राहिला कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मधल्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंसुद्धा 'दारूगोळा'च धरली आहेत. कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. ते कलम मोडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. आप्पांच्या हातातला परवाना रायफल बाळगायचा आहे, काडतुसं बनवायचा नाही. लेथवाल्यालाही कशाला अडकवता?

ज्याला खरंच विचारायचंय त्याने लेखी विचारावं. सोलापूर शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालय. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी तो आजच पुसून टाकावा.