जेपीजीची पीएनजी केली म्हणून फोटो तरुण होत नाही

नारायण पेठेत माझं डीटीपीचं छोटं काम आहे, त्यामुळे ‘जुने फोटो कसे जपावेत’ हा मेसेज मला आत्तापर्यंत पाच ग्रुपांवरून आलाय. म्हणणं थोडक्यात असं: जेपीजी, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, दर वेळी उघडली की थोडी खराब होते. म्हणून तिची पीएनजी (चित्रांच्या फाइलचा दुसरा प्रकार) करा, गेलेली क्वालिटी परत येते. त्यासाठी नावाचं शेपूट बदललं, म्हणजे शेवटच्या .jpg च्या जागी .png लिहिलं, तरी पुरतं. आणि टिफ, पीसीएक्स, बीएमपी या जुन्या चित्र-फायलींची अडगळ जेपीजी करून मूळ फायली उडवून टाका. सुरुवातीला जेपीजीला शिव्या आणि शेवटी सगळं जेपीजीतच ओता, हे लिहिणाऱ्याला खटकलेलं दिसत नाही.

आधी उघडण्याचं. फोटो पाहिल्याने फाइलमधला एक बाइटही हलत नाही. झीज होते ती बदल करून पुन्हा सेव्ह केल्यावर. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न कळणारे बारकावे टाकून देते. कापलं, सेव्ह, उजळलं, सेव्ह, की दर वेळी नवी टाकाटाक. अफवेत खरा कण तेवढाच. बाकी हा मेसेज ज्या व्हॉट्सॲपवरून येतो, ते स्वतःच साधा पाठवलेला फोटो दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर करत नाही.

टाकून दिलेलं पीएनजीला कुठून मिळणार? ती आहे ते तसंच्या तसं ठेवते. जेपीजीने पाडलेले चौकोनी डागसुद्धा इमानाने जपते आणि वर फाइल काही पट फुगवते. फोटोवर पुढे बरंच काम करायचं असेल तर कामाची प्रत पीएनजीत ठेवावी, हे मात्र बरोबर.

शेपटाचं काय सांगावं! पुण्यात राहून एवढं कळायला हवं की दारावरची पाटी बदलली म्हणून आतलं बिऱ्हाड बदलत नाही. फसगत होते ती अशी की बरेच प्रोग्रॅम पाटी न बघता फाइलचे पहिले काही बाइट वाचतात. बीएमपीची सुरुवात ‘बीएम’ या दोन अक्षरांनी होते, जीआयएफची (हलणारी चित्रं जिच्यात येतात ती) ‘जीआयएफ’ने. त्यामुळे चित्र उघडतं आणि माणसाला वाटतं, जमलं. मग भरतीचा ऑनलाइन फॉर्म तीच फाइल परत पाठवतो.

आता अडगळ. इथे मेसेज नुसता चुकीचा नाही, नुकसान करणारा आहे. टिफ १९८६ साली आणली ती आल्डसने, म्हणजे पानं जुळवायच्या पेजमेकर या प्रोग्रॅमवाल्यांनीच. साहजिकच माझ्याकडची जुनी स्कॅन केलेली पानं टिफमध्ये आहेत. त्यातली मजकुराची पानं एक बिटाची, नुसती काळी-पांढरी. त्यांची जेपीजी केली की शिरोरेषेभोवती करडी भुरभुर उठते आणि अनुस्वार डागासारखे दिसू लागतात. पीसीएक्स पीसी पेंटब्रश या जुन्या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमच्या काळातली, बीएमपी विंडोजची. दोन्ही सहसा काहीच टाकून देत नाहीत. त्यांना न्यायचंच तर पीएनजीत न्यावं, काही गमवावं लागत नाही. जीआयएफचंही तेच, तिच्यात मुळात २५६च रंग मावतात. पण ती हलणारी असेल तर पीएनजीत बहुधा एकच चित्र उरतं. छपाईच्या चार रंगांतली टिफ मात्र आहे तशीच राहू द्यावी, पीएनजीला ते रंग ठेवता येत नाहीत.

आणखी एक, जे मेसेजवाल्यांच्या गावीही नाही: एका टिफमध्ये अनेक पानं असू शकतात, जेपीजीत एकच. गेल्या महिन्यात कोथरूडचे एक काका पेन ड्राइव्ह घेऊन आले. फ्लॅटच्या करारनाम्याची १४ पानांची टिफ त्यांनी जेपीजी केली, पहिलं पान नीट दिसलं, मूळ फाइल डिलीट. “बाकीची पानं झूम केल्यावर दिसतील ना?” मी म्हटलं, काका, घरी जुनी सीडी शोधा. माळ्यावर सापडली, म्हणून उरलेली १३ पानं परत मिळाली.