पण खेळतो कुठल्या लेव्हलला?

परदेशात मुलं वाढवणाऱ्यांनी काही प्रश्नांची उत्तरं पाठ करून ठेवलेली असतात, मराठी बोलतो का, वरणभात खातो का, लग्नाचं काय, सगळं तयार. पण आमचे चिरंजीव मिशिगनमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या क्लब टीमकडून आइस हॉकी खेळायला लागले आणि एक असा प्रश्न मागे लागलाय की त्याचं उत्तर द्यायला घेतलं की समोरच्याचा चहा गार होतो. प्रश्न साधाच. "वा! कुठल्या लेव्हलला?"

विचारणाऱ्याचा दोष नाही हो. आपल्याकडे खेळ म्हटलं की तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय, सरळ हिशोब. प्रत्येक ठिकाणी सर्टिफिकेट, सर्टिफिकेटवर दहावीला वाढीव मार्क, आणि नशीब जोरावर असेल तर पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंच्या पाच टक्क्यांत नंबर. आमचे थोरले बंधू कोल्हापूरला असतात, आयुष्य पेठेतल्या तालमीत आणि शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघण्यात गेलेलं, ते दर रविवारी फोनवर विचारतात, "बाळ्या, जिल्हा का राज्य, येवढंच सांग की, लोक इचारत्यात."

येवढंच तर सांगता येत नाही.

आता बघा, सगळ्यात वर एनसीएए, म्हणजे कॉलेजांच्या अधिकृत टीम्सची राष्ट्रीय संघटना. त्यात डिव्हिजन वनला मुलांच्या साठेक टीम, तिथली पोरं पुढे एनएचएलला, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या प्रोफेशनल लीगला, जातात, स्कॉलरशिप असते, बँड वाजतो, मॅच टीव्हीवर दिसते. त्याच्या खाली डिव्हिजन थ्री. हो, थ्री. टू जवळजवळ नाहीच, तिची नॅशनल चॅम्पियनशिप 1999 नंतर बंदच केली, पण म्हणून थ्रीला टू म्हणावं असं कुणाला सुचलं नाही. मग ह्या सगळ्याच्या बाजूला (खाली म्हटलेलं चिरंजीवांना चालत नाही, बाजूला) एसीएचए, म्हणजे अमेरिकन कॉलेजिएट हॉकी असोसिएशन, ही क्लब टीम्सची, म्हणजे पोरं स्वतः फी भरून खेळतात त्या टीम्सची संघटना, 1991 ला सुरू झाली, आणि तिच्यात परत मुलांच्या डिव्हिजन वन, टू, थ्री आहेतच, मुलींच्या दोन वेगळ्या. त्यामुळे ‘डिव्हिजन वन’ खेळणारे दोघंजण अमेरिकेत एकमेकांशेजारी बसून जेवत असू शकतात, एकाचे स्केट्स युनिव्हर्सिटी घेऊन देते आणि दुसऱ्याचे त्याचा बाप. काही युनिव्हर्सिट्यांत तर एनसीएएची टीम वेगळी, क्लबची वेगळी, क्लबची दुसरी आणखी वेगळी, आणि शेवटी ज्यांना हे काहीच जमत नाही ते साधे बूट घालून बर्फावर ब्रूमबॉल खेळतात, आणि खरं सांगू का, सगळ्यात मजा तिथेच चाललेली असते.

आमचं पोरगं एसीएचए डिव्हिजन टू. फोर्थ लाइन. म्हणजे कोच जेव्हा पहिल्या तीन लाइन्सना दम खायला बसवतो तेव्हा हे चाळीस सेकंद आत जाणार, जीव तोडून पळणार आणि परत येऊन बाकावर बसणार. त्या चाळीस सेकंदांसाठी आम्ही दोघं गाडी चालवत येतो.

दादांना हे सगळं एकदा नीट सांगितलं. शांतपणे ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "म्हंजी तालुका."

तालुका नाहीये हो! हेच तर दुखणं आहे. खेळ बघितलात तर तालुका म्हणायची छाती होणार नाही कुणाची. ही पोरं तीन-चार वर्षांची असल्यापासून बर्फावर आहेत, आठ-दहा वर्षांची झाल्यावर ट्रॅव्हल टीम, दर वीकेंडला आईबाप त्यांना घेऊन ओहायो नाहीतर शिकागो, मग हायस्कूल संपलं की लगेच कॉलेजला जायचं नाही, आधी दोन-तीन वर्षं ज्युनिअर लीगमध्ये कुठल्यातरी लांबच्या गावी अनोळखी कुटुंबाकडे राहून खेळायचं, की कुणी एनसीएएवाला बघेल. बघितलं तर बघितलं. नाही बघितलं तर पोरगं एकविसाव्या वर्षी दाढी वाढवून अकाउंटिंगच्या पहिल्या वर्षाला येतं आणि क्लब टीममध्ये डिफेन्सला उभं राहतं. अशा माणसाच्या समोर आमचे चिरंजीव, ज्यांनी सहाव्या वर्षी सुरुवात केली ती शेजारचा करतो म्हणून, आणि ज्यांच्या आईने पहिल्या दिवशी स्वेटरच्या आत अजून एक स्वेटर घातला होता.

आणि हे अंगावर येतात. नियमात आहे. पक ज्याच्याकडे आहे त्याला खांद्याने लाकडी-प्लास्टिकच्या भिंतीवर चेपायचं हा खेळाचा अधिकृत भाग आहे, त्याचा आवाज वरपर्यंत येतो, काच हलते, आणि सौ. खाली मान घालून स्वामी समर्थ सुरू करतात. पकबद्दल सांगतो, कारण आपल्या लोकांना लगेच कळेल: टणक रबराची चकती, वजन साधारण 156 ते 170 ग्रॅम, म्हणजे आपला क्रिकेटचा लेदर बॉल किंवा त्याहून थोडा जड. फरक इतकाच की मॅचच्या आधी ही चकती फ्रीजरमध्ये ठेवतात, उसळू नये म्हणून. गोठवलेला सीझन बॉल, आणि आमचं पोरगं तो अडवायला मुद्दाम पाय घालतं. बारावीपर्यंत ह्याच पोराला इंजेक्शनला दोघांनी धरावं लागायचं.

बरं मग एवढं सगळं भारी आहे तर बघायला किती लोक? इथे माझी बोलती बंद होते, कारण दादांचा पुढचा प्रश्न ठरलेला. "आमच्या पेठंच्या मॅचला शाहू स्टेडियम भरतंय. तुमच्याकडं किती?" दादा, आमच्याकडे आईबाप, गोलीची (म्हणजे गोलकीपरची) गर्लफ्रेंड, आणि एक मुलगी जी लॅपटॉपवर असाइनमेंट करायला येते कारण रिंकचं, म्हणजे ह्या बर्फाच्या मैदानाचं, वायफाय चांगलं आहे. मॅच शुक्रवारी रात्री पावणेदहाला. संध्याकाळची चांगली वेळ फिगर स्केटिंगवाल्या मुलींना आणि चिल्ल्यापिल्ल्यांना, कारण त्यांच्या फीवर रिंक चालतं, आणि आमच्यानंतर बर्फ मिळतो पन्नाशीतल्या बीअर लीगवाल्या काकांना, ते आपापल्या बॅगा घेऊन काचेला नाक लावून उभे असतात आणि थर्ड, म्हणजे शेवटच्या, पीरियडला घड्याळाकडे बघत सुस्कारे सोडतात. डोक्यावर हीटर आहेत. ते चालू करायचं बटण रिंकच्या मॅनेजरकडे आहे आणि मॅनेजर घरी गेलेला असतो. मधल्या ब्रेकमध्ये करमणूक म्हणजे झँबोनी, बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, 1949 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रँक झँबोनी नावाच्या माणसाने बनवलेली. ती गोल गोल फिरते आणि आम्ही सगळे प्रौढ, कमावती माणसं ती अगदी शेवटच्या पट्ट्यापर्यंत एकटक बघत बसतो. का ते माहीत नाही, पण नजर हलत नाही.

लेव्हलचं म्हणाल तर ती आठवड्याला बदलते, हे मी आता ठामपणे सांगू शकतो. एखाद्या शुक्रवारी असला सुंदर खेळ होतो की वाटतं ह्यांना कुणीतरी फसवलंय, ही पोरं टीव्हीवर पाहिजेत. शनिवारी त्याच टीमविरुद्ध परत मॅच, आणि समोरून अकराच जण आलेले, कारण बाकीच्यांची मिडटर्म. एकदा त्यांचा गोली केमिस्ट्रीच्या लॅबमुळे आलाच नाही आणि त्यांनी एका डिफेन्सवाल्याला पॅड बांधून उभा केला, तो बिचारा प्रत्येक शॉटला आधी डोळे मिटायचा. स्कोअरबोर्डवर काय झालं ते लिहीत नाही. आम्ही त्या दिवशी कुठल्या लेव्हलला होतो? सांगा ना.

इथल्या अमेरिकन बापांना विचारून बघितलं. ते सगळे हातात कॉफी धरून, बर्फावरची नजर न हलवता एकच वाक्य बोलतात, "इट्स गुड हॉकी." समोर कोणीही असो, स्कोअर काहीही असो. मला वाटतं तेही वर्षानुवर्षं आपापल्या मेव्हण्यांना हेच सांगत आलेत.

क्लबला कमी समजू नका हे पटवायला मी दादांना पेन स्टेटची, म्हणजे पेन्सिल्व्हेनियातल्या युनिव्हर्सिटीची, गोष्ट सांगितली. पेन स्टेट वर्षानुवर्षं क्लबच होतं, एसीएचएची कितीतरी टायटलं त्यांची. मग 2010 मध्ये टेरी पेगुला नावाच्या त्यांच्याच एका माजी विद्यार्थ्याने, गॅसच्या धंद्यात पैसा केलेला माणूस, 88 मिलियन डॉलर दिले, नवं रिंक बांधलं, 2012 पासून टीम एनसीएए डिव्हिजन वनला, आणि 2025 ला शेवटच्या चार टीम्समध्ये! ॲरिझोना स्टेट तर वाळवंटातलं कॉलेज, 2014 ला एसीएचएचं चॅम्पियन झालं, त्यांनाही 32 मिलियन मिळाले, पुढच्या वर्षी तेही वर. दादांनी "अरं तिच्या" म्हणून दाद दिली आणि मग विचारलं, "तुमच्याकडं हाय का असा कोण?" आहेत की. मी आहे. आम्ही सगळे बाप आहोत. क्लब टीमला फी पोरांनी भरायची असते, सीझनची काही हजार डॉलर, स्टिक वेगळी, चांगली स्टिक तीनशे डॉलरच्या पुढे आणि ती मोडते, आणि राहिलेले पैसे जमवायला पोरं पार्किंग लॉटमध्ये गाड्या धुतात. मी माझीच गाडी वीस डॉलर देऊन धुवून घेतो, ज्या पोराने घरी कधी तिला हात लावला नाही त्याच्याकडून.

त्यात आता नवीन भानगड. कॅनडाच्या मेजर ज्युनिअर लीगमध्ये खेळलेल्यांना एनसीएए आत्तापर्यंत प्रोफेशनल मानून घेत नव्हती, 2025-26 च्या सीझनपासून ते दार उघडलं, गॅव्हिन मकेनासारखा पोरगा, ज्याच्याकडे एनएचएलवाले डोळे लावून बसले होते, तो सरळ पेन स्टेटला आला. चांगलं झालं. फक्त वरून एक आत आला की वरचा एक खाली सरकतो, तो थ्रीमधल्या एकाला सरकवतो, तो क्लबात येतो, आणि अशी सरकासरकी होत होत आमच्या फोर्थ लाइनपर्यंत येणार असं रिंकवर सगळे बाप बोलतात. फोर्थ लाइनच्या खाली फक्त पाण्याच्या बाटल्या भरणारा मुलगा आहे.

तर फेब्रुवारीत आमची टीम रीजनल्सला क्वालिफाय झाली. चिरंजीवांनी स्वतः काकांना फोन करून सांगितलं, मोडक्यातोडक्या मराठीत, की रीजनल्स जिंकलो तर नॅशनल्स. दादांनी त्यातला एकच शब्द ऐकला. आम्ही रीजनल्सची पहिलीच मॅच हरून परत यायला निघालो तेव्हा फोनवर फोटो आला, पेठेच्या चौकात पंधरा फुटी फ्लेक्स, ‘अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर झेप घेतल्याबद्दल पेठेचा सुपुत्र’ वगैरे, खाली चिरंजीवांचं संपूर्ण नाव, त्याखाली हात जोडलेले अकरा शुभेच्छुक पांढऱ्या शर्टात, आणि मधोमध फोटो. फोटो आमच्या पोराचा नाही. दादांनी व्हॉट्सॲपवरच्या टीमच्या फोटोंमधला जो सगळ्यात धिप्पाड दिसला तो निवडला, आणि तो निघाला गोली, मिशिगनच्या पार वरच्या टोकाचा, फिनलंडहून आलेल्या लोकांचा पणतू, मास्क आणि पॅडमधला. बाहेरून काही कळत नाही म्हणा.

चिरंजीवांनी तो फोटो टीमच्या ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून हरल्याचं कुणी बोलतच नाहीये. पहिल्या लाइनच्या सेंटरला स्वतःचा फ्लेक्स पाहिजे. कोच विचारतोय ते अकराजण स्पॉन्सर आहेत का. गोलीच्या आईने अख्खा फ्लेक्स मागवलाय, गॅरेजच्या भिंतीवर लावायला, आणि ती विचारते की पंधरा फूट म्हणजे आडवा की उभा. दादांना विचारलं, तर म्हणाले, "उभा हाय. पन त्यास्नी म्हनावं आडवा पायजे असंल तर अजून धा-बारा शुभेच्छुक बसत्यात, नावं पाठवा."