केसांसाठी स्पंज वेगळाच हवा
साबण आतच मुरवलेला आंघोळीचा स्पंज कसा सुचला, ही त्यावरच्या लेखातली हकीकत फार आवडली. अर्धांगवायूनंतर माझ्या आईचा उजवा हात अधू झाला. तेव्हापासून साबणाची ओली वडी निसटणं आणि ती उचलायला तिचं वाकणं, ही आमची रोजची धास्ती. एका हाताने दाबला की फेस देणारा स्पंज तिच्यासारख्यांना मोठाच आधार आहे.

पण त्वचेला आणि केसांना एकच स्पंज चालेल, हे लेखातलं म्हणणं पटत नाही. साध्या साबणाचा सामू (pH, आम्ल-अल्कली मोजण्याचं माप; ७ च्या वर म्हणजे अल्कधर्मी) ९ ते १० असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. त्वचा काही वेळाने सावरते. केस मृत पेशींचे, ते स्वतःहून सावरत नाहीत. अल्कधर्मी पाण्यात त्यांच्यावरचे खवले उघडतात आणि गुंता होतो. त्यातून पाणी क्षारयुक्त असेल, तर कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे साबणाचा चिकट साका तयार होऊन केसांतच अडकतो. म्हणून केसांच्या स्पंजात साबणाऐवजी शाम्पूतली सौम्य द्रव्यं मुरवावीत.

आणि हो, स्पंजच्या छिद्रांत ओल राहिली की जिवाणू वाढतात. पिळून टांगता यावा म्हणून त्याला साधी दोरी तरी हवीच.