उकडलेले वाजवणारा माणूस

"आणि आता आपल्यासमोर येत आहेत प्रसिद्ध हास्यकवी. कविता म्हणता म्हणता ते स्वतः उकडलेले वाजवतात!" असं निवेदक म्हणाले आणि त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा हशा पिकला. तो माझ्या खात्यावर जमा झाला नाही. वाद्याचं नाव उकुलेले. मी चिठ्ठीवर ते ठळक अक्षरात लिहून दिलं होतं, पण निवेदकांचा चष्मा घरी राहिला होता. आजवर माझ्यासोबत सर्वाधिक कार्यक्रम कोणी केले असतील, तर ते चष्मा घरी विसरलेल्या निवेदकांनी.

उकुलेले म्हणजे चार तारांचं, काखेत मावणारं वाद्य. १८७९ साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजुरांना घेऊन एक जहाज हवाई बेटांवर पोचलं. त्या मंडळींनी सोबत आणलेल्या चिमुकल्या वाद्यांपासून हे घडलं. हवाईच्या भाषेत नावाचा अर्थ 'उड्या मारणारी पिसू' असा सांगतात. मी ते निवडलं ते मात्र पाठीसाठी. पेटी घेऊन दोन वर्षं हिंडलो, तेव्हा मणक्यांनी सामूहिक राजीनामा द्यायची तयारी केली होती. पिसू हलकी असते. तिच्यामुळे ऐकावा लागणारा प्रश्न तेवढा जड असतो : "मोठी गिटार परवडली नाही का हो?"

शिवाय ती लहरी आहे. नायलॉनच्या तारा नव्या असल्या की चार-आठ दिवस नुसत्या ताणत राहतात. जुन्या झाल्या की मंचावरच्या दिव्यांनी तापून उतरतात. म्हणून दर दोन कवितांनंतर मी मान वाकडी करून खुंट्या पिळतो. तार लावताना सभागृहात जी गाढ, आदरयुक्त शांतता पसरते, ती पुढे कवितेला कधीच मिळालेली नाही. एकदा तर तार लावून झाल्यावर एका आजींनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला. काय करणार?

खरी अडचण वाद्याची नाही. अडचण अशी की मी जिथे जातो तिथे माझा अर्धा भाग दाराबाहेर ठेवावा लागतो.

कवींच्या बैठकीत गेलो की सगळ्यांचं लक्ष आधी पेटाऱ्याकडे जातं. "हे काढणार आहात का?" हा प्रश्न डॉक्टरांना सुईबद्दल विचारतात त्या सुरात येतो. वादकांच्या मैफलीत गेलो तर तिथला प्रमुख हळूच कानाशी लागतो : "बोलणं जरा आवरा, सलग वाजवा." सलग वाजवायला मला एकूण सात कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे गट, येतात. बोलणं आवरलं तर कार्यक्रम चार मिनिटांत आटपेल, हे त्याला कोण सांगणार?

स्लॅम या प्रकाराबद्दल ऐकलं तेव्हा वाटलं, आपलं घर सापडलं. शिकागोत १९८० च्या दशकात मार्क स्मिथ नावाच्या, बांधकामावर काम केलेल्या कवीनं ही कवितांची स्पर्धा सुरू केली. कवीला तीन मिनिटं. परीक्षक पाच, तेही प्रेक्षकांतूनच उचललेले. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण बाद करायचे, उरलेल्यांची बेरीज. मी महिनाभर घड्याळ लावून सराव केला. स्पर्धेच्या दिवशी संयोजक मुलगी गोड हसून म्हणाली, "काका, नियमात वाद्य बसत नाही." खरंच बसत नाही, तसा नियमच आहे. वाद्य तिच्या टेबलाखाली ठेवलं आणि रिकाम्या हातांनी उभा राहिलो. बारा वर्षांच्या सवयीनं डावा हात हवेत कॉर्ड धरत होता. एका परीक्षकानं त्याला अभिनय समजून दहापैकी दहा दिले. सगळ्यात जास्त, म्हणून ते बाद झाले.

कवी की गायक, हा वाद २०१६ साली अमेरिकी गीतकार-गायक बॉब डिलन यांना साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा मिटला असं मला वाटलं होतं. डिलन समारंभाला गेलेच नाहीत. त्यांचं गाणं पॅटी स्मिथ गायल्या, मध्येच अडखळल्या, भर समारंभात माफी मागून पुन्हा गाऊ लागल्या. ओळी विसरण्याचा माझा अनुभव दांडगा असल्यामुळे मला भरून आलं. मी हे सगळं उत्साहानं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "ते गेले नाहीत तरी त्यांना पैसे मिळाले. तू वेळेच्या तासभर आधी जातोस."

तिचं बरोबर आहे. पोटासाठी मी काय काय केलं याची यादी तिला पाठ आहे. निरोप समारंभांसाठी फर्माइशी कविता लिहिल्या. एका साहेबांची अट होती की 'कार्यक्षमता' हा शब्द ओळीच्या शेवटीच आला पाहिजे. मी त्याला 'जमता जमता' जोडून दिलं, ते त्यांना स्तुती वाटलं. शाळांतून कार्यशाळा घेतल्या. मुलं खूप हसतात, आणि शेवटी एक मुलगी हात वर करून विचारतेच, "पण तुम्ही दिवसा काय करता?" बाहुल्यांच्या खेळात पडद्यामागून गाढवाचा आवाज काढला. तेवढ्या एका कामासाठी मला पुन्हा बोलावणं आलं.

आणि एका तक्रार-क्रमांकासाठी गाणं रचलं. फोन लावल्यावर ताटकळताना वाजतं ना, तसं. 'थांबा क्षणभर, येतो लवकर' अशी त्याची सुरुवात होती. पुढे माझीच काही तक्रार निघाली. फोन लावला आणि वीस मिनिटं स्वतःच्याच ओळी स्वतःच्याच आवाजात ऐकत बसलो. पाचव्या मिनिटाला दुसऱ्या कडव्यातली मात्रा चुकल्याचं लक्षात आलं. पंधराव्या मिनिटाला कवीला चोपावंसं वाटू लागलं.

ध्वनिव्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगितलं तर रक्तदाब वाढतो. मला दोन माइक लागतात, एक तोंडाला आणि एक वाद्याला. मिळतो एक. मंचावर गाण्या-बोलण्याला सहसा जो माइक देतात, तो मुख्यतः समोरचं ऐकतो, बाजूचं कमी. संयोजक तडजोड म्हणून तो तोंड आणि वाद्य यांच्या बरोबर मधे लावतात. तिथे माझ्या शर्टाचं दुसरं बटण आहे. त्याची कुरकूर शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचते. मग "आवाज वाढवा" अशी हाक येते. आवाज वाढवला की स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये शिरतो, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि असा गरगर फिरत त्याची कान फाडणारी शिट्टी होते. डेन्मार्कच्या लार्सन नावाच्या शास्त्रज्ञाचं नाव या प्रकाराला चिकटलेलं आहे. बिचाऱ्याचं इतकं नाव कवितेनं कोणाचं झालं नसेल.

या सगळ्यात एक फोन असा आला की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. ओळखीतले एक वृद्ध गृहस्थ गेले होते. त्यांनी लिहून ठेवलं होतं की शोकसभेत भाषणं नकोत, मी यावं. मुलगा फोनवर चाचरत म्हणाला, "विनोदी चालेल, पण फार हसू येईल असं नको."

अशी मागणी मला नवीन नव्हती. माझ्या बऱ्याच कविता त्याच मापाच्या आहेत. पण रात्रभर झोप लागली नाही. समोर पांढऱ्या कपड्यांतली साठेक माणसं, हार घातलेला फोटो, आणि हातात उड्या मारणारी पिसू. तार लावली. नेहमीसारखी शांतता. त्या दिवशी मात्र ती कवितेलाही मिळाली, आणि इतकी मिळाली की माझा गळा सुकला. गृहस्थ लोकांच्या छत्र्या नेण्याबद्दल ख्यातनाम होते. माझीही नेली होती. मी म्हटलं :

छत्री नेली, परत न दिली, वर्षे झाली तीस;
आता वरती पाऊस नाही, परत पाठव, प्लीज!

कोणी हसलं नाही. लोक एकमेकांकडे न बघता एकमेकांचा अंदाज घेत होते. विनोदी कवीच्या आयुष्यात असे तीन सेकंद येतात तेव्हा शिवणकाम शिकलो असतो तर बरं झालं असतं असं वाटतं. मग पहिल्या रांगेतून एक बारीक, नाकातून निघालेला आवाज आला. काकू. पदर तोंडाला लावून त्या गदगदत होत्या. मला वाटलं, रडताहेत. मी गाणं थांबवलं. त्यांनी पदर बाजूला केला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "पोटमाळ्यावर अकरा आहेत! जाताना ज्यानं त्यानं आपापली ओळखून न्या!"

त्यानंतर जे हसणं झालं ते मला आवरता आलं नाही, आणि आवरायचंही नव्हतं. मुलगा भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत होता. ठरलेल्या चार कविता मी म्हटल्या, सातही कॉर्ड वाजवले. बटणाचा आवाज आला नाही, कारण माइकच नव्हता.

निघताना काठी टेकत एक आजोबा आले. वय नव्वदीच्या घरात असावं. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "माझ्याही वेळी तुम्हीच या. तारीख अजून ठरलेली नाही."

मी म्हटलं, "आजोबा, काही घाई नाही."

"घाई नाहीच हो. पण आगाऊ सांगून ठेवलेलं बरं." ते दोन पावलं गेले आणि वळले. "आणि नुसती कविता नको हं. ते उकडलेलं का काय, तेही आणा."