म्हणे छोट्या गावातलं पब्लिक आत्ता कळायला लागलं!

सकाळी चहा घेता घेता एक पॉडकास्ट लावला आणि दिवसाची वाट लागली. ओटीटीत कामाला असलेला कोणी तिशीतला पोरगा अगदी शांतपणे सांगत होता की छोट्या गावातल्या प्रेक्षकाला काय आवडतं हे डेटामुळे आत्ता पहिल्यांदा कळतंय, आधी सगळा अंदाजपंचे दाहोदरसे कारभार, थिएटरवाले काय, नुसता गल्ला मोजायचे. मोजायचेच की रे बाबा! घरातलं सोनं गहाण टाकून प्रोजेक्टरचं मशीन आणलेलं, गल्ला नाही मोजणार तर काय तारे मोजणार?

आमच्या घरात हा धंदा होता म्हणून जास्त झोंबलं, हे सांगून टाकते. बुलढाणा जिल्ह्यातलं आमचं गाव. आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, दुसरी लढाई संपल्यावर आधी सिनेमाचा तंबू घेऊन यात्रा केल्या आणि मग गावात पत्र्याचं थिएटर टाकलं. तेव्हा आम्ही सीपी अँड बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, नंतर 1956 पर्यंत मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. पिक्चर नागपूरला चालून चालून जुना झाला की अमरावतीहून त्याच्या रिळांची पेटी यायची, तोवर प्रिंटवर इतक्या रेघा की सगळ्या सीनमध्ये पाऊस. पुढे जमिनीवर बसणारे, मग बाक, मागे चार खुर्च्या फौजदार-मामलेदारांसाठी, बायकांची बाजू वेगळी. मशीन एकच. त्यामुळे दर दहा-अकरा मिनिटांनी रीळ संपलं की पिक्चर थांबायचा आणि लाइट लागायचा.

आता हे नीट ऐका. आबाजी पिक्चर बघायचेच नाहीत. दाराजवळ स्टुलावर पडद्याकडे पाठ करून बसायचे आणि लाइट लागला की तोंडं बघायचे. लोक आळस देत बिडी पेटवायला बाहेर निघाले की पिक्चर गेला. कोणी जागचं न हलता ऑपरेटरच्या नावानं शिव्या घालायला लागलं की पिक्चर चालला, आठवडाभर काळजी नाही. आहे का असं काही तुमच्या डॅशबोर्डवर?

आणि श्यामची आईची गोष्ट तर आमच्याकडे इतक्यांदा सांगितली जायची की मी तेव्हा जन्मलेही नव्हते तरी मला ती पाहिल्यासारखी आठवते. अत्र्यांचा पिक्चर 1953 चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं, आमच्याकडे यायला अर्थातच उशीर झाला. डिस्ट्रिब्यूटरचा माणूस पेटीबरोबर आलेला (कंपनीचं नाव नको), त्यानं पोस्टरवर पदकाची पट्टी डकवली. आबाजी म्हणाले, "पदक पाहून कोणी तिकीट काढते का बावा?" नाहीच काढलं. पहिल्या शोला अर्धं थिएटर रिकामं. तो माणूस म्हणाला, शेठ, उद्या काढू, मारामारीची एक पेटी आहे माझ्याकडे, ती लावा. आबाजी गप्प. शो सुटल्यावर कापसाच्या जिनिंगमधला एक हमाल, एरवी मारामारीच्या पिक्चरला सगळ्यात पुढे बसून शिट्ट्या मारणारा गडी, लोक गेले तरी दाराशी घुटमळत उभा. शेवटी आबाजींना म्हणाला, "शेठ, उद्या मायले आणतो. तिले दिसत नाही, नुसती आयकीन. तिकीट अर्धं घ्याल का?"

आबाजींनी त्या कंपनीवाल्याला तिथंच सांगितलं की पेटी हलणार नाही.

दुसऱ्या दिवशी म्हातारीचं तिकीट घेतलंच नाही. तिसऱ्या दिवसापासून बायकांची बाजू पुरेना, मधला पडदा सरकवत सरकवत पुरुषांच्या बाकांपर्यंत नेला.

लिहितानाही डोळ्यात पाणी येतंय, जाऊ दे.

तर सांगायचं हे की त्या हमालाला आबाजी ओळखत होते. त्याचा पगार कधी होतो, तो कधी पिऊन येतो, सगळं माहीत. शिट्टी मारणारा माणूस अर्ध्या तिकिटासाठी थांबतो म्हणजे उद्या त्याची गल्ली येणार, हा हिशोब कुठल्या शाळेत शिकवतात? मुंबईत बाबूराव पटेल त्यांच्या फिल्मइंडिया मासिकात एखाद्या पिक्चरची सालटी काढायचे, आबाजी ते कोणाकडून तरी वाचून घेऊन पोट धरून हसायचे आणि तोच पिक्चर लावायचे. कारण त्यांचं पंचांग वेगळं होतं. दिवाळीनंतर कापूस विकून हातात पैसा आला की मारामारी, नाच-गाणी, जुने स्टंटवाल्या नादियाचे पिक्चर. श्रावणात आणि रामनवमीला देवाधर्माचे, मग प्रिंट कितीही फाटकी असो, रामराज्य कितव्यांदा का येईना. पेरणीच्या दिवसात काहीही लावा, माणूस येणार नाही, उगाच पैसे जाळू नका. 1954 चा नागिन आला तेव्हा शोच्या आधी भोंग्यावर तीच बीन, तीच बीन (ती बीन नव्हतीच म्हणे, कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या पेटीवर वाजवलेली), आजूबाजूच्या खेड्यांतून बैलगाड्या जुंपून लोक आले. स्टोरी काय होती ते आबाजींना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

आणि एवढं करून सरकार काय द्यायचं? करमणूक कर! 30 जून 1949 ला देशभरातली थिएटरं या कराविरुद्ध एक दिवस बंद होती, आज कोणाला आठवतंय? वर सरकारी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट दाखवायची सक्ती, आणि त्याचं भाडं परत आमच्याच खिशातून. म्हणजे धरणाच्या भिंतीचं रीळ चालू असताना पब्लिक बाहेर बिडी ओढणार आणि त्याचे पैसे आबाजी भरणार. डोकं फिरतं माझं.

बरं, आता कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच म्हणून आधीच लिहिते. हो, हे लोक संत नव्हते. तिकीट न फाडता परत खिडकीवर पाठवून कर बुडवायचे, मान्य. आणि यांच्या हातात सगळं असतं तर नुसते नाग आणि तलवारीच बघत बसलो असतो, तेही थोडंफार मान्य. गुरुदत्तचा कागज के फूल 1959 ला आपटला त्यात असल्या मालकांचाही हात असेल म्हणता? असेल. पण तो आपला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा पिक्चर, त्याला वेगळी लेन्स लागते, आमच्याकडे धड दुसरं मशीन नव्हतं तिथं लेन्स कुठून आणायची? आणि श्यामची आई पडद्यावर कोणी टिकवून धरला? पदक देणाऱ्यांनी?

तिकडे अमेरिकेत मोशन पिक्चर हेराल्ड म्हणून धंद्याचं साप्ताहिक होतं, त्यात या पिक्चरनं माझ्यासाठी काय केलं असं एक सदरच चालायचं. खेड्यापाड्यातले थिएटरवाले स्वतः लिहून पाठवायचे, पब्लिक हसलं का, किती उठून गेलं, त्या दिवशी पाऊस होता का. नावानिशी छापायचे. आमच्या आबाजींना कोणी विचारलं? रोजचा कलेक्शन रिपोर्ट भरा, सही करा, पाठवा, संपलं. मात्र त्या रिपोर्टाची एक प्रत ते ठेवायचे आणि मागे पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहायचे: "बाया लई रडल्या", "दुसऱ्या रिळाले उठले", "बाजार असून खाली".

अकोला, वाशीम, यवतमाळ, खानदेश, कुठलेही असाल, घरात कधी थिएटर किंवा टुरिंग टॉकीज असेल तर माळ्यावरच्या पेट्या उघडा. असल्या वह्या सापडल्या तर फोटो काढून पाठवा, मला खरंच हव्यात. आमच्या काकांनी घर रंगवायला काढलं तेव्हा सगळा गठ्ठा रद्दीवाल्याला देऊन टाकला, आणि त्या काकांशी मी अजून नीट बोलत नाही.