‘आताचे ९५ म्हणजे आमचे ६०’: हा हिशेब कुठे चुकतो

दहावीचा निकाल लागला की तासाभरात तो मेसेज येतोच. मला तो चार ग्रुपांवर आला. त्यातल्या एकावर तर, जिचा निकाल होता त्या मुलीच्याच काकांनी टाकला होता. शब्द इकडेतिकडे, मुद्दे तेच. आमच्या वेळी ६० टक्क्यांना पेढे वाटायचे, आता ९५ ला कुणी विचारत नाही. शंभर टक्केवाले तर ढिगाने. बोर्ड मार्क वाटतं, तोंडीचे वीस फुकटात. भाषेत ९८ पडतातच कसे? आणि एवढं करून पुढे या मार्कांना विचारतो कोण?

मी पंचवीस वर्षं मराठी शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं बोर्डाचे गठ्ठे तपासले. त्या मेसेजमधलं सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण त्यातला जो भाग खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र पार चुकलेला आहे.

शंभर टक्केवाल्यांचा ढीग पटकन मोजून टाकू. २०२५ मध्ये राज्यात शंभर टक्के मिळवणारे होते २११, त्यातले ११३ एकट्या लातूर विभागातले. परीक्षेला बसले होते साधारण साडेपंधरा लाख. म्हणजे सात हजारांत एकही धड नाही. शिवाय शंभर टक्के म्हणजे प्रत्येक विषयात पैकीच्या पैकी असंही नव्हे. कला आणि क्रीडेचे सवलतीचे गुण त्यात मिळवलेले असतात.

आता मुख्य गोष्ट. टक्के कशाचे, हे मेसेज लिहिणारा कधीच सांगत नाही.

मी १९९३ ला दहावी झाले. तेव्हा गुणपत्रिकेवर एकूण गुण ७५० असायचे. तीन भाषा शंभर-शंभराच्या, आणि गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं दीडशे-दीडशेची. सगळ्या विषयांची बेरीज व्हायची, कुठलाही विषय सुटत नसे. गणितात आपटलात की दीडपट आपटलात. आज विषय सहा, प्रत्येकी शंभराचे, आणि टक्केवारी काढली जाते सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर. हे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ २०१० मध्ये आलं. अकरावीच्या प्रवेशात इतर बोर्डांची मुलं टक्केवारीत पुढे जातात, ही त्यामागची तक्रार होती. पर्सेंटाइल (मूल आपल्या बोर्डात कितवं, यावरून तुलना) आणि ९०:१० (नव्वद टक्के जागा राज्य बोर्डाच्या मुलांना) हे आधीचे दोन उपाय न्यायालयात टिकले नव्हते. हाही उच्च न्यायालयात पडला, पण सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला.

एक काल्पनिक मुलगी घ्या. मराठी ९१, संस्कृत ९६, इंग्रजी ९०, गणित ७२, विज्ञान ९३, सामाजिक शास्त्रं ९४. सहाही विषय धरले तर ६०० पैकी ५३६, म्हणजे ८९.३३ टक्के. गणित गाळून उरलेले पाच धरले तर ५०० पैकी ४६४, म्हणजे ९२.८. तिला इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए श्रेणी असेल तर सवलतीचे सात गुण आणखी, झाले ९४.२. आणि हेच गुण माझ्या वेळच्या ७५० च्या हिशेबात बसवले तर ८८.७. मुलगी तीच, उत्तरपत्रिका त्याच, तरी टक्के चार तऱ्हेचे. साडेपाच टक्क्यांचा हा फरक कुणी वाटलेला नाही, बेरजेची रीत बदलल्याने पडलेला आहे. ही रीत योग्य की अयोग्य यावर भांडा, मीही भांडेन. गणित गाळून ९२ दाखवणं मला स्वतःला फारसं पटत नाही. पण रीत बदलली याचा अर्थ मुलीला खिरापत मिळाली, असा होत नाही.

‘तोंडीचे वीस फुकट’ यात मात्र तथ्य आहे. मी शिकवायचे त्या शाळेत २० पैकी १७ च्या खाली गुण दिले की मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावणं यायचं. एका वर्षी मी एका मुलाला ११ दिले. त्याला पाठ्यपुस्तकातला उतारा वाचता येत नव्हता. यादी माझ्याकडे परत आली. मी १५ केले. अभिमान वाटावा असं ते काम नव्हतं.

या गुणांचं वजन किती, हे एकदा अख्ख्या राज्याला कळलं. २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण, म्हणजे शाळेनेच द्यायचे हे वीस, काढून टाकले होते. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. शंभर टक्केवाले १२५ होते, ते २० राहिले. (त्याच वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, तेव्हा सगळी घसरण तोंडीच्या खात्यावर टाकता येणार नाही.) पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि निकाल ९५.३० झाला, शंभर टक्केवाले २४२. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं.

म्हणजे मेसेज बरोबर? अर्धाच. फुकटचे गुण सगळ्यांनाच मिळाले तर त्यांचा सर्वात मोठा आधार असतो काठावरच्या मुलाला. ९० च्या वरच्या मुलाला लेखी ८० पैकी ७०-७५ स्वतःच मिळवावे लागतात. तोंडीने नापासाचा पास होतो, साठाचा पंचाण्णव होत नाही.

आणि भाषेत ९८? हा प्रश्न मला माझ्याच वयाची माणसं विचारतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर निबंध, रसग्रहण आणि ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ असतं. आता प्रश्नपत्रिका नसते, कृतिपत्रिका असते. उतारा छापलेलाच असतो. आकृतिबंध पूर्ण करा, चौकटी भरा, जोड्या लावा, मग थोडं व्याकरण. एक-दोन गुणांच्या या कृतींचं उत्तर बरोबर असतं किंवा चूक. बरोबर असेल तर परीक्षकाला गुण कापायला जागाच नाही, आणि कापलेच तर नियामक (परीक्षकाची तपासणी पुन्हा पाहणारा) ते परत देतो. राहतं स्वमत आणि उपयोजित लेखन (पत्र, जाहिरात वगैरे). तिथे मुद्दे ठरलेले असल्याने चांगल्या मुलाचे दोन-तीन गुणच जातात. अशा पेपराने मराठी किती येतं ते कळतं का, याचं माझं उत्तर ‘थोडंसंच’ असं आहे. पण दोष पेपराच्या रचनेचा आहे. नेमून दिलेलं सगळं बरोबर करणाऱ्या पोरीला ‘तुला ९८ पडलेच कसे’ म्हणून जाब विचारण्यात काय अर्थ?

‘आमच्या वेळी मेरिट लिस्ट होती’ हा या मेसेजचा शेपटासारखा मुद्दा. होती. पण ती यादी क्रमांकाची होती, आणि क्रमांक त्या वर्षीच्या मुलांशी तुलना करून लागतो. दोन पिढ्यांची तुलना करायचीच असेल तर ती तशीच करावी लागेल: तू तुझ्या वर्षी कितवा होतास, ती तिच्या वर्षी कितवी आहे? माझे ६८ आणि आजच्या एखाद्या मुलीचे ९१ शेजारी ठेवणं म्हणजे एकाची उंची फुटांत आणि दुसऱ्याची सेंटिमीटरमध्ये मोजून ‘बघा, आकडे कसे फुगलेत’ म्हणणं.

राहिलं ‘पुढे विचारतो कोण’. इंजिनिअरिंगला सीईटी आणि मेडिकलला नीट लागते, हे खरं. पण सगळी मुलं तिकडेच जातात, हे कुणी ठरवलं? आयटीआय आणि पॉलिटेक्निकचे प्रवेश दहावीच्या गुणांवर होतात. अकरावीचे होतात, आणि २०२५ पासून तर राज्यभर ऑनलाइन, एकेका टक्क्याच्या ओढाताणीत. टपाल खात्यातली ग्रामीण डाक सेवकांची निवड दहावीच्या गुणांवरच लागते. तिथे पन्नाशीतला गुण आणि नव्वदीतला गुण यांत नोकरीचा फरक असतो.

आणि टक्के बाजूला ठेवले तरी तो कागद उरतोच. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख यांचा पुरावा म्हणून तो जन्मभर मागितला जातो. मेसेज टाकणाऱ्या काकांचंच प्रमाणपत्र मध्यंतरी घर बदलताना हरवलं. पासपोर्टसाठी ते हवं होतं, म्हणून त्यांनी विभागीय मंडळात दुय्यम प्रतीचा अर्ज केला. अर्जासाठी बैठक क्रमांक लागतो, तो तुम्ही आता कुठून शोधणार, असं मी त्यांना विचारलं होतं. त्यांना तो तोंडपाठ होता.