जेटीवर डॉल्फिन नको, भरतीची घंटा हवी

आमच्या जेटीच्या सुशोभीकरणाचा विषय पुढच्या ग्रामसभेत येणार आहे. मागणी आहे फायबरच्या डॉल्फिनची, शेजारी गावाचं नाव मोठ्या रंगीत अक्षरांत, आणि रात्री दिवे. मागणी करणारी पोरं माझ्या ओळखीची आहेत, त्यातली काही माझ्या वर्गात बसलेली. पर्यटक थांबला तर गाड्यांवरचा धंदा होईल, खोल्या भरतील, हा त्यांचा हिशेब खोटा नाही. तरीही मी त्या ठरावाच्या विरोधात बोलणार आहे, आणि डॉल्फिनऐवजी भरतीच्या पाण्याने आपोआप वाजणारी घंटा मागणार आहे. सभेत पाच मिनिटंसुद्धा मिळत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

किनाऱ्यावर शिल्प हवंच. पण त्यात या किनाऱ्याचं ज्ञान असावं आणि ते घडवताना गावाचे हात लागावेत. ऑर्डर देऊन आणलेला डॉल्फिन कुठल्याही बंदरावर बसतो. त्याच्याकडे बघून आपल्या खाडीत पाणी कधी चढतं, कुठपर्यंत येतं, इथे कोण मासेमारी करतं, यातलं काहीच कुणाला कळणार नाही. आपल्या मुलांनाही नाही.

आणि उघड्यावरचं शिल्प ही कोकणात बाहेरून आलेली चैन नव्हे. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, जाऊन बघा. कशेळीला जांभ्याच्या कातळात साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असा हत्ती कोरलेला आहे, आणि त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी. इतर सड्यांवर मुशी आणि पाकट हे मासे आहेत, कासवं आणि मोर आहेत. गेंडासुद्धा आहे, जो आज कोकणात औषधालाही सापडणार नाही. कोरणाऱ्यांनी जनावराची ठेवण इतकी नीट पाहिली होती की हजारो वर्षांनी आपण चित्रावर बोट ठेवून त्याचं नाव सांगतो. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पायाखाली घालून ही कातळशिल्पं उजेडात आणली, पण त्यांना वाटा दाखवल्या त्या गावागावांतल्या माणसांनी. उक्षीच्या ग्रामस्थांनी तर आपल्या गावातल्या कोरलेल्या हत्तीभोवती जांभ्याच्या चिऱ्याचं संरक्षण स्वतः पुढाकार घेऊन उभं केलं. २०२२ मध्ये कोकण आणि गोव्यातली मिळून ९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. म्हणजे निसर्ग बारकाईने बघून सगळ्यांसाठी दगडात उतरवायचा, ही आपल्याच मातीतली रीत आहे.

मालवणच्या राजकोट किल्ल्याची आठवण काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ४ डिसेंबर २०२३ ला तिथे शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. ती दृश्यं आठवली की आजही पोटात कालवतं. चूक कुणाची हे ठरवणारी यंत्रणा वेगळी आहे, मी त्यात पडत नाही. मला एवढंच म्हणायचंय की खारा वारा लोखंडाचं काय करतो हे किनाऱ्यावरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. मिठातला क्लोराइड लोखंडावरचा संरक्षक थर फोडतो, दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की त्यातला एक झपाट्याने खाल्ला जातो. हे शास्त्र झालं. बोटीच्या पंख्याजवळ जस्ताचा तुकडा का लावतात हे आपल्या बंदरावर कुणालाही विचारा, तो हेच स्वतःच्या शब्दांत सांगेल: जस्त झिजतं आणि पंखा वाचतो. मग किनाऱ्यावर काही उभं करताना या माणसांना आधी का विचारू नये?

विज्ञान, निसर्ग आणि सगळ्यांचे हात एकत्र आले की काय होतं, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण क्रोशाचं आहे. गणितात हायपरबोलिक पृष्ठभाग नावाचा प्रकार आहे. तो मध्यापासून जितका लांब जाल तितका वाजवीपेक्षा जास्त पसरत जातो, म्हणून सपाट राहूच शकत नाही, त्याला कोबीच्या पानाच्या कडेसारख्या चुण्या पडतात. गणितज्ञ तो कागदाचा करत, आणि तो फाटायचा. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या दायना ताइमिन्या यांनी तो क्रोशाने विणला. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, बस्स. पुढे २००५ मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींच्या लक्षात आलं की प्रवाळांचे आकार याच गणिताचे आहेत. त्यांनी लोकरीचे प्रवाळ विणायला घेतले आणि बघता बघता देशोदेशीच्या हजारो बायका त्यात आल्या. प्रत्येक गावाने आपापली प्रवाळाची बाग विणली, आणि समुद्राचं पाणी तापलं की प्रवाळ पांढरे पडून मरतात ही गोष्ट त्या बागांनी लोकांपुढे ठेवली. २०१९ च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनातसुद्धा हे काम होतं.

आता सांगा, क्रोशाची तोरणं आणि रुमाल आपल्या कुठल्या घरात नव्हते? माझ्या आईच्या पिढीच्या बायका नमुना न बघता टाके वाढवायच्या आणि कमी करायच्या. आणि प्रवाळ तर आपल्याच मालवणच्या समुद्रात आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. मालवणच्या बचत गटांनी आपल्या प्रवाळांचं शिल्प विणायला घेतलं तर मी पहिल्या एस.टी.ने जाईन.

आमच्या गावात मात्र प्रवाळ नाहीत. आमच्याकडे खाडी आहे, आणि भरती-ओहोटी आहे. म्हणून माझी मागणी घंटेची आहे.

इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात ॲपलडोर नावाचं खाडीकाठचं गाव आहे. तिथे २००९ मध्ये मार्कस व्हर्जेट या शिल्पकाराने भरतीची घंटा बसवली. ती माणसाने वाजवायची नाही. पाणी चढलं की ते लोलक हलवतं आणि घंटा वाजते. पुढे तिकडच्या इतर किनाऱ्यांवरही अशा घंटा लागल्या. यातली मला अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की समुद्राची पातळी जसजशी वाढेल तसतशी घंटा जास्त वेळा वाजेल. हवामान बदलावर कितीही भाषणं दिली तरी जे पोहोचत नाही, ते गावाच्या कानावर आपोआप पडत राहील.

आपल्याकडे ही घंटा आणखी अर्थपूर्ण होईल, कारण भरतीचं गणित आपल्या जुन्या नाखवांना, म्हणजे होड्या चालवणाऱ्यांना, तोंडपाठ आहे. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. म्हणजे दर तिथीला पाऊण तास पुढे. चंद्राच्या गतीवरून काढलं तर हा फरक सुमारे ४८ मिनिटं येतो. घड्याळ नसलेल्या माणसांनी हे पाणी बघून बसवलं, आणि आज आमच्या शाळेतल्या बहुतेक मुलांना ते येत नाही. बंदरावरच्याच मुलांना! पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात म्हणून उधाण येतं, अष्टमीच्या सुमारास ओढ काटकोनात जाते म्हणून भांग लागतो, म्हणजे भरती कमी चढते, हे पुस्तकातल्या आकृतीत पाठ करून घ्यावं लागतं, जेव्हा ते दाराबाहेर महिन्यातून दोनदा घडतंय.

मला जे दिसतंय ते असं. जेटीच्या कडेने चिऱ्याचे पंधरा खांब, प्रत्येक तिथीला एक, त्यावर भरतीची वेळ कोरलेली. उंची एकसारखी ठेवायची नाही, त्या तिथीला पाणी जिथवर चढतं तेवढीच ठेवायची, म्हणजे भांगाचा खांब बुटका आणि उधाणाचा उंच. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेवर घट्ट होत जातो, तेव्हा आपले चिरेखाणीवरचे कारागीर तो ताजा असतानाच कोरतील. शेवटच्या खांबाला काशाची घंटा, फक्त मोठ्या उधाणालाच पाणी लागेल अशा उंचीवर. पाण्याच्या माराने लोलक हलवणारं वल्हं होड्या बांधणाऱ्या सुतारांकडून घ्यायचं, कारण लाटेचा मार लाकडाने कसा सोसायचा हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. शिल्पकारही हवा, आणि त्याला योग्य मानधन हवं. सगळं फुकटात गावाकडून करून घ्या असं मी म्हणत नाही. त्याने आधी गावात राहावं, ऐकावं, मग आराखडा काढावा.

अडचणी आहेत. भरतीरेषेत काही उभं करायचं तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांखालची, आणि सागरी मंडळाची परवानगी लागेल, त्यात वेळ जाईल. डॉल्फिन दिवाळीपर्यंत बसेल, घंटेला दोन वर्षंही लागतील. मला चालेल.

पर्यटकांचं काय, असं विचारणाऱ्यांनी रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास गाव आठवावं. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं, गाव त्यात उतरलं, आणि आज मुठीएवढी पिल्लं समुद्रात जाताना बघायला लांबलांबून माणसं येतात, गावातल्या घरांत राहतात, तिथलंच जेवतात. तिथे फायबरचं काहीच लागलं नाही.

ठरावाच्या आधी निदान मोजमाप तरी आपल्या हातात असावं. येत्या अमावास्येपासून तृतीयेपर्यंत मी रोज सकाळी साडेदहापासून जेटीच्या पायऱ्यांवर असेन. टेप, वही आणि ऑइलपेंटचा डबा मी आणते. ज्या नाखवांना २००५ चं आणि २०२१ चं पाणी कुठे लागलं ते आठवतंय, त्यांनी येऊन खूण दाखवावी. आणि डॉल्फिनची मागणी करणाऱ्या पोरांनो, तुम्ही तर याच. पाण्यात उतरून पट्टी धरायला मला तुमच्यासारखीच लागणार आहेत.